साक्षीदार कोठून येणार?

आपल्या चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील गावे शांत आहेत, असे आपण बाहेरच्या पाहुण्यांना अभिमानाने सांगतो. त्यात खोटे फारसे नाही. एकाच बोडीचे पाणी सगळ्यांच्या बांध्यांना जाते, उन्हाळ्यात मोहफूल आणि तेंदूपत्ता वेचायला सारा गाव रानात उतरतो, मंडईच्या रात्री नाटकाच्या मंडपात सर्व जातींची माणसे मांडीला मांडी लावून बसतात. कुणबी, तेली, माळी, ढिवर, गोंड, माना, बौद्ध अशी ही वस्ती आहे. जिवतीच्या पहाडावर कोलाम आहेत आणि मराठवाड्यातून येऊन स्थिरावलेली कुटुंबे आहेत, तर मुलचेरा-चामोर्शीकडे बंगाली निर्वासितांच्या वसाहती आहेत. एवढे नाना प्रकारचे लोक इतकी वर्षे एकत्र नांदतात, हे लहान काम नव्हे.

परंतु या शांततेला एक अट आहे आणि ती कोठेही लिहिलेली नाही. प्रत्येकाने आपली जागा ओळखून राहावे, एवढीच ती अट. कोणाच्या ओट्यावर बसावे, चौकात किती वेळ थांबावे, ग्रामसभेत कोणी आधी बोलावे आणि कोणी मान डोलवावी, हे लहान मुलालाही न शिकवता कळते. अट पाळली जाते तोवर सलोखा असतो. एखादे घर ती मोडते, पक्के घर बांधते, मुलीला सायकलवरून महाविद्यालयात पाठवते, शेतातून जाणारी वाट अडवते किंवा न्यायालयात खरे बोलते, तेव्हा गावाचा चेहरा पालटतो. मग गुन्हा घडतो, आणि गुन्ह्यानंतर गाव पुन्हा शांत होतो. मला या स्मरणिकेत लिहायचे आहे ते या दुसऱ्या शांततेविषयी. संस्थेच्या वाटचालीविषयी लिहिण्यास माझ्याहून अधिकारी माणसे आहेत. आपली मुले ज्या गावांतून येतात आणि सुट्टीत जेथे परत जातात, त्या गावांविषयी कोणीतरी लिहावयास हवे.

२१ ऑगस्ट २०२१ रोजी जिवती तालुक्यातील वणी खुर्द येथे एका दलित कुटुंबातील सात जणांना भानामती केल्याच्या संशयावरून भर चौकात खांबाला बांधून मारण्यात आले. त्यांत स्त्रिया होत्या, वृद्ध होते. जखमींना चंद्रपूरच्या रुग्णालयात हलवावे लागले, काही जणांना अटक झाली. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येला त्याच्या आदल्याच दिवशी आठ वर्षे पूर्ण झाली होती. त्यांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला. त्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे, आणि पोलीस निरीक्षकाहून खालच्या दर्जाचा नसलेला दक्षता अधिकारी नेमण्याचीही. अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यातही २०१५ साली दुरुस्ती झाली. अनुसूचित जातीच्या किंवा जमातीच्या व्यक्तीला चेटूक केल्याचा आरोप ठेवून शारीरिक इजा वा मानसिक यातना देणे, हा त्या दुरुस्तीनंतर स्वतंत्र गुन्हा आहे. म्हणजे कायद्याच्या बाजूने उणीव नव्हती.

वृत्तपत्रांनी अंधश्रद्धेचा बळी म्हणून बातमी दिली, आणि आपणही ती तशीच वाचली. तो शब्द चुकीचा नाही, अपुरा आहे. भानामती कोणी केली हे अंगात आलेला देव सांगतो, असे गाव मानते. पण देव नाव घेतो ते कोणाचे? गावातील सावकाराचे, सरपंचाचे, किराणा दुकानदाराचे नाव देवाच्या तोंडी सहसा येत नाही. एकटी राहणारी विधवा, मूलबाळ नसलेली म्हातारी, संख्येने थोडक्या जातीचे घर, यांच्याभोवती देव घुटमळतो. अंधश्रद्धेला जात कळत नसेल, पण कोणाला मारले असता पलटून कोणी विचारणार नाही, हे तिला चांगले कळते.

येथे एक भेद केला पाहिजे, कारण सर्वच प्रकरणांना एक लेबल लावण्याची आपलीही सवय आहे. १ मे २०२४ रोजी एटापल्ली तालुक्यातील बारसेवाडा येथे जादूटोण्याच्या संशयावरून एक स्त्री आणि एक पुरुष यांना जिवंत जाळण्यात आले. अटक झालेल्या पंधरा जणांत त्या स्त्रीचा पती आणि मुलगाही होते. गावातील एका लहान मुलीच्या मृत्यूनंतर हा संशय पेटला होता. मारणारे आणि मरणारे एकाच आदिवासी समाजाचे होते. तेथे जातीचा प्रश्न उभा करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. दवाखाना दूर, पुजारी जवळ आणि मूल दगावल्यावर बापाला कारण सांगणारे दुसरे कोणी नाही, हा तेथील प्रश्न आहे. वणी खुर्द आणि बारसेवाडा यांच्यात एक गोष्ट मात्र समान आहे. दोन्ही ठिकाणी गाव जमलेला होता. पाहणारे पुष्कळ होते.

पाहणाऱ्यांचे पुढे काय होते, हे समजून घ्यायचे असेल तर शेजारच्या भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीकडे पुन्हा पाहावे लागते. पुन्हा म्हणतो, कारण दरवर्षी २९ सप्टेंबरला आपण तेथील निर्घृणता आठवतो, मेणबत्त्या लावतो आणि मूळ गोष्ट विसरतो. मोहाडी तालुक्यातील त्या गावात बौद्धांची घरे दोन-तीनच होती. भोतमांगे कुटुंबाचे शेत होते, त्या शेतातून वाट देण्याचा जुना वाद होता, मुले शिकत होती. सप्टेंबर २००६ च्या आरंभी त्यांच्या एका नातेवाइकाला, जे शेजारच्या धुसाळ्याचे पोलीस पाटील होते, मारहाण झाली. मायलेकींनी मारणाऱ्यांना ओळखले आणि तसे पोलिसांना सांगितले. त्या साक्षीवरून लोक पकडले गेले, २९ सप्टेंबरला जामिनावर सुटले, आणि त्याच संध्याकाळी घरावर चालून आले. आई, मुलगी आणि दोन मुलगे मारले गेले. भैयालाल भोतमांगे तेवढे वाचले, आणि न्यायाची वाट पाहत २०१७ मध्ये गेले.

म्हणजे खैरलांजीत जो मुख्य अपराध शिक्षेस पात्र ठरवला गेला, तो साक्ष देण्याचा होता. एका बौद्ध आईने आणि तिच्या बारावी झालेल्या मुलीने पाहिले ते सांगितले. गावाच्या न लिहिलेल्या नियमात याला माफी नव्हती.

पुढील न्यायालयीन इतिहास आपल्यापैकी अनेकांना तोंडपाठ आहे. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीचे रूपांतर पंचवीस वर्षांच्या सक्तमजुरीत केले. अत्याचार प्रतिबंधक कायदा मात्र लागू ठरला नाही. हत्या आधीच्या साक्षीच्या सूडातून झाल्या, जातीमुळे नव्हे, असा निष्कर्ष निघाला. या निष्कर्षावर आपण संतापतो आणि संतापणे योग्यच आहे. साक्ष देण्याची हिंमत त्या जातीच्या बाईने करावी, हेच ज्या गावाला सहन होत नाही, तेथे सूड आणि जात वेगळे कसे काढायचे?

या खटल्यातील एक बाजू मात्र आपल्या सभांमध्ये कधीच सांगितली जात नाही. भैयालालजींच्या जोडीने गावातीलच काही माणसे न्यायालयात उभी राहिली. ती भोतमांगे कुटुंबातली नव्हती. त्यांनी डोळ्यांनी पाहिले ते सांगितले आणि शिक्षा झाली त्यात त्यांच्या शब्दाचा वाटा होता. ज्या गावात उरलेल्या दाराआडच्या कुटुंबांनी काही पाहिले नाही असे म्हटले, त्याच गावात ते रात्री झोपत होते. त्यांच्या नावाने आपण कोठे फलक लावला आहे का? आपल्या स्मरणात मारणारे आहेत, मरणारे आहेत. सांगणारे नाहीत.

साक्षीदार नसला म्हणजे काय होते, त्याचे उदाहरण तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील खर्डा. एप्रिल २०१४ मध्ये तेथे सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याला शाळेच्या आवारातून मारत नेण्यात आले आणि त्याची हत्या झाली. नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले, कारण साक्षीदार उलटले. उलटलेल्यांत शाळेतील शिक्षकही होते. ही ओळ मी एका शाळेच्या स्मरणिकेत मुद्दाम लिहितो आहे.

दलित पँथरने १९७२ मध्ये अमेरिकेतील ज्या काळ्यांच्या चळवळीवरून नाव घेतले, त्या समाजाला हा प्रश्न आपल्याइतकाच ओळखीचा आहे. १९५५ च्या ऑगस्टमध्ये मिसिसिपी राज्यातील एका खेड्यात चौदा वर्षांच्या एमेट टिल या काळ्या मुलाला रात्री घरातून उचलून नेऊन ठार करण्यात आले. गोऱ्या दुकानदारिणीशी तो अदबीने वागला नाही, एवढे कारण. खटल्यात त्याच्या आईच्या मावशीचे पती मोझ राइट साक्षीला उभे राहिले. दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने शेती करणारा हा चौसष्ट वर्षांचा माणूस. गोऱ्यांनी भरलेल्या न्यायालयात त्यांनी आरोपींकडे बोट दाखवले. बाराही गोऱ्या ज्यूरींनी तासाभरातच आरोपींना सोडून दिले, आणि काही महिन्यांनी त्याच आरोपींनी एका नियतकालिकाला मोबदला घेऊन खुनाची कबुली दिली. मोझ राइट यांना मात्र शेत आणि घर टाकून शिकागोला निघून जावे लागले. तरी त्या बोटाने जे केले, ते निकालाने पुसले गेले नाही. पुढच्या दशकातील नागरी हक्कांच्या लढ्यातील माणसे त्या खटल्याचा उल्लेख वारंवार करीत.

आता आपल्या गावांतील दडलेल्या ताणांविषयी. हे ताण केवळ मनुस्मृतीतून आलेले नाहीत, काही आपल्या डोळ्यांदेखत तयार झाले. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींना न्याय दिला. मात्र बिगरआदिवासी वननिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. आजोबा ज्या जमिनीवर राबले तिचा कागद त्यांच्या हाती कधी आलाच नाही, अशी बौद्ध आणि ढिवर कुटुंबे या अटीपाशी थांबली. राज्यात १९ टक्के असलेले इतर मागासवर्गीयांचे आरक्षण जिल्हास्तरावरील वर्ग ३ आणि ४ च्या पदांसाठी गडचिरोलीत दीर्घकाळ ६ टक्के आणि चंद्रपुरात ११ टक्के होते. त्यातून आलेला राग मुंबईपर्यंत पोचला नाही, तो गावातल्या आदिवासी आणि बौद्ध शेजाऱ्यावर निघाला. खैरलांजीतील हल्लेखोर मोठे जमीनदार किंवा पुरोहित नव्हते, बहुसंख्य इतर मागासवर्गीयांतले, स्वतः शेतात राबणारे होते. पाटबंधाऱ्यापासून नोकरीपर्यंत सर्वांना थोडेच मिळते. मग ज्याला अधिक थोडे मिळते त्याच्याकडेच संशयाने पाहिले जाते.

धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखाचे उदाहरण आपण नेहमी देतो. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणारे ते देशातील पहिल्या गावांपैकी एक. तेथे सर्वसहमतीने निर्णय होतात आणि मला त्या गावाविषयी नितांत आदर आहे. पण मेंढा हे एकजिनसी गोंड गाव आहे. जेथे पाच जाती आहेत आणि त्यांपैकी एका जातीची चार घरे आहेत, तेथे सर्वसहमती या शब्दाचा अर्थ ती चार घरे गप्प बसली असा होऊ शकतो. २००७ पासून राज्यात तंटामुक्त गाव मोहीम आली, तिनेही पुष्कळ भांडणे चावडीवर मिटवली. बांधाचे, गुरांचे, भाऊबंदकीचे तंटे तेथे मिटावेत हे उत्तमच. अत्याचाराचा गुन्हा मात्र तडजोडीने मिटवता येत नाही, कायद्याने ती मुभा दिलेली नाही. तरीही पुरस्काराच्या वर्षी गावातून तक्रार जाऊ नये म्हणून समजूत घालणारे कोण असतात, हे सांगण्याची गरज नाही. आणि समजूत कोणाची घातली जाते, हेही.

यावर आपला ठरलेला प्रश्न असा की, आपले लोक तक्रार का करीत नाहीत? हा प्रश्न नागपूरच्या किंवा चंद्रपूरच्या घरात बसून विचारणे सोपे आहे. रोवणीची मजुरी ज्याच्याकडे करायची, ट्रॅक्टर ज्याचा भाड्याने आणायचा, दुकानातून उधारीवर तेल-मीठ ज्याच्याकडून घ्यायचे, त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायची असते. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा केला. परंतु ‘या वर्षी मजूर पुरेसे आहेत’ असे सांगून काम न देण्याला कोणते कलम लावणार?

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपूरनंतर याच चंद्रपूरच्या भूमीवर धम्मदीक्षा दिली. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांच्या पुढाकाराने झालेल्या त्या सोहळ्याला बैलगाडीने आणि पायी आलेल्या पिढीची नातवंडे-पतवंडे आपल्यासारख्या वसतिगृहांत शिकली. शिक्षक, अभियंते, तहसीलदार, परिचारिका झाली. ही संस्थेची कमाई आहे आणि तिच्याविषयी कृतज्ञता नसेल असा माजी विद्यार्थी विरळा. तिची दुसरी बाजू अशी की, प्रत्येक वर्षी आपण गावाच्या त्या चार घरांतून लिहिता येणारे, कलम वाचता येणारे, फौजदाराशी ताठ मानेने बोलू शकणारे एकेक माणूस बाहेर काढतो, आणि ते परत जात नाही. मागे उरतात त्यांच्याकडे अंगठा असतो आणि भीती असते. आग्र्याच्या सभेत बाबासाहेब शिकलेल्यांविषयी जे बोलले, ते आपण दरवर्षी १४ एप्रिलला ऐकतो. ऐकण्याची आपल्याला आता इतकी सवय झाली आहे की ते लागत नाही.

मुलांनी नोकऱ्या सोडून गावी राहावे, असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे ढोंगीपणाचे होईल. पण ज्याची मजुरी गावात अडकलेली नाही, ज्याचे राशन गावच्या दुकानात नाही, त्याला साक्ष देणे, साक्षीदारासोबत न्यायालयात जाणे, तपास साठ दिवसांत पुरा झाला की नाही हे विचारणे तुलनेने स्वस्त पडते. ही किंमत गावातल्या माणसाने मोजावी अशी अपेक्षा आपण वर्षानुवर्षे करत आलो आहोत.

साक्षीदाराला एक पथ्य पाळावे लागते, ते आपल्याला कदाचित रुचणार नाही. आपल्या बाजूचे तेवढेच पाहणारा साक्षीदार नसतो, तो वकील असतो. कोलाम पोडावरील बाईला चेटकीण ठरवले, बंगाली वसाहतीतील मुलाला मारले, तेव्हा आपण ‘तो त्यांचा प्रश्न’ म्हणून पान उलटतो. आपल्याच मोहल्ल्यातील एखाद्या नोकरदार तरुणाने आदिवासी मुलीला फसवले, तर समाजाच्या बदनामीच्या भीतीने विहारात बैठक होते आणि प्रकरण मिटवले जाते. तेव्हा आपल्या बैठकीची भाषा आणि चावडीची भाषा यांत काय अंतर उरते? पंचशीलातील मुसावादाचा अर्थ खोटे बोलणे एवढाच आपण मुलांना शिकवतो. माहीत असून न बोलणे त्यात बसते की नाही, यावर भन्तेजींनी एखाद्या रविवारी धम्मदेसना द्यावी, अशी माझी नम्र विनंती आहे.

वसतिगृहाने वादात पडू नये, अनुदानावर परिणाम होईल, पालक मुले काढून नेतील, असे काही पदाधिकाऱ्यांचे मत आहे. त्यांची काळजी मला समजते. म्हणून मागणी लहान ठेवतो. अकरावी-बारावीच्या मुलामुलींना वर्षातून आठ तास द्यावेत. तक्रार अर्ज कसा लिहावा, प्राथमिक माहिती अहवालाची प्रत विनामूल्य कशी मिळते, अत्याचाराच्या गुन्ह्याचा तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडेच का असावा लागतो, साक्षीदाराला २०१५ च्या दुरुस्तीने कोणते संरक्षण दिले, एवढे शिकवावे. शिकवण्यासाठी आपलेच वकील आणि पोलीस अधिकारी माजी विद्यार्थी आहेत.

दुसरे, माजी विद्यार्थ्यांची तालुकावार यादी करावी. जिवती, कोरपना, एटापल्ली, भामरागड, सिरोंचा येथे काही घडल्याचे कळताच चोवीस तासांच्या आत दोन माणसे तेथे पोचली पाहिजेत. निषेधाच्या पत्रकासाठी पोचू नये. कोणी काय पाहिले हे शांतपणे ऐकून, तारीख-वेळ घालून, लिहून घेण्यासाठी पोचावे. पहिल्या दोन दिवसांत लोक बोलतात. त्यानंतर गावाची बैठक होते आणि कोणीच काही पाहिलेले नसते.

तिसरी गोष्ट कागदावर आधीच आहे. अत्याचार प्रतिबंधक नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा दक्षता व संनियंत्रण समिती असते, उपविभागीय स्तरावरही असते, आणि तिच्यावर बिगरशासकीय सदस्य घेतले जातात. तिची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा व्हावयास हवी. राजुरा, अहेरी, एटापल्ली, ब्रह्मपुरी या उपविभागांतील समित्यांवर आज कोण आहेत, मागील बैठक कधी झाली आणि किती प्रकरणांचे साक्षीदार उलटले, ही माहिती अर्ज करून मागवता येते. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपयांचे तिकीट लागते. स्नेहसंमेलनाच्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर मी नोंदणीच्या टेबलाजवळ कोरे अर्ज घेऊन बसणार आहे.